कलिवर्ष ६००० : एका विज्ञानपटाविषयीचे मतभेद

नाग अश्विन दिग्दर्शित 'कल्की २८९८ एडी' हा मूळ तेलुगू चित्रपट २७ जून २०२४ रोजी हिंदीसह अन्य भाषांतील आवृत्त्यांबरोबर प्रदर्शित झाला आणि पहिल्या काही दिवसांतच त्याच्याविषयी दोन टोकांची मते तयार झाली. भारतीय चित्रपटाने भविष्यकाळाचे एवढे विस्तृत दृश्यविश्व प्रथमच उभे केले म्हणून एका बाजूने त्याचे कौतुक झाले. तेच विश्व 'मॅड मॅक्स', 'ड्यून' आणि 'स्टार वॉर्स' या चित्रपटांतून जमवलेले आहे, असा आक्षेप दुसऱ्या बाजूने घेतला गेला. पूर्वार्ध रेंगाळतो यावर बहुतेकांचे एकमत होते. अश्वत्थाम्याच्या भूमिकेतील अमिताभ बच्चन हे चित्रपटाचे बलस्थान आहे यावरही होते. या दोन एकमतांच्या मधल्या प्रदेशात मात्र बरीच धूळ उडाली. त्या सर्व मतांची मोजदाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हे मतभेद ज्या प्रश्नाभोवती व्हायला हवे होते, त्या प्रश्नाभोवती ते झालेच नाहीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तो प्रश्न कालगणनेचा आहे आणि म्हणूनच जबाबदारीचाही आहे.

हा चित्रपट प्रस्तुत लेखकाने मनीमाजऱ्यातील एका बहुपडदा चित्रपटगृहात हिंदीतून पाहिला. स्थळाचा हा उल्लेख निव्वळ वैयक्तिक नाही. पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे. मनीमाजरा हे चंदीगडच्या ईशान्य कडेला असलेले जुने गाव. एक किल्ला, दाटीवाटीचा बाजार आणि जवळच मनसा देवीचे मंदिर. ते मंदिर येथील संस्थानिक गोपाल सिंह यांनी १८११ ते १८१५ या काळात बांधले. एकोणिसशे पन्नासच्या दशकात ल कार्बुझिए यांच्या आराखड्यानुसार शेजारी नवे नगर उभे राहिले. त्या नगराच्या सेक्टरांना क्रमांक देताना १३ हा आकडा वगळण्यात आला होता. तो वगळलेला आकडा २०२० मध्ये मनीमाजऱ्याला देण्याचे ठरले. आराखड्याबाहेरचे जुने गाव आराखड्यात आले ते असे, नको असलेला क्रमांक घेऊन. गावाच्या एका अंगाला तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेच्या इमारती आहेत, तर दुसरीकडे जुन्या गाड्या उघडून पुन्हा जोडणारा प्रसिद्ध मोटर मार्केट. चित्रपटातील बुज्जी नावाची बोलकी मोटार पडद्यावर आली तेव्हा टाळ्या पडल्या, यात म्हणूनच नवल नव्हते. चित्रीकरणासाठी ही सुमारे सहा टनांची मोटार खरोखरच बांधून घेण्यात आली होती आणि प्रदर्शनापूर्वी ती निरनिराळ्या शहरांतून फिरवलीही गेली. शिवाय प्रसिद्धीसाठी केलेल्या गीतात दिलजीत दोसांझ यांचा पंजाबी आवाज होता. हैदराबादेत घडलेले भविष्य पंजाबीभाषक प्रेक्षकाला आपलेसे वाटावे, याची निर्मात्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती.

आधी मतभेदांचे स्वरूप थोडक्यात पाहू. या प्रकारच्या चित्रपटांना संमिश्र स्वागत नवे नाही. फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १९२७ साली आला तेव्हा एच. जी. वेल्स यांनी त्याला जवळजवळ हास्यास्पद ठरवले होते. आज त्या चित्रपटावाचून या परंपरेचा इतिहास लिहिता येत नाही. 'ब्लेड रनर' (१९८२) यालाही आरंभी फारसा मान मिळाला नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यातील मतांवरून निवाडा करू नये, एवढा धडा तेथून घेता येतो. त्याहून अधिक घेऊ नये, कारण प्रत्येक उपेक्षित चित्रपट पुढे अभिजात ठरतो असे मुळीच नाही. २०२३ च्या 'गणपत' या हिंदी चित्रपटातही उद्ध्वस्त भविष्य आणि श्रीमंत-गरिबांच्या विभक्त वस्त्या होत्या. काळ त्याला वाचवील असे वाटत नाही.

'कल्की'च्या बाबतीत आणखी दोन प्रकारचे आक्षेप पुढे आले. कृष्णाने स्वतः अश्वत्थाम्याला भावी अवताराचे रक्षण करण्यास सांगितले, हा मूळ महाभारतात नसलेला प्रसंग चित्रपटात घातला म्हणून मुकेश खन्ना यांनी नाराजी व्यक्त केली. जुलै २०२४ मध्ये आचार्य प्रमोद कृष्णम यांनी कल्की अवताराच्या चित्रणाबद्दल निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. दुसरा वाद नटाविषयीचा. प्रभास यांची भूमिका विदूषकी झाली आहे, अशा आशयाचे मत अर्शद वारसी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मांडले आणि एका भूमिकेच्या मूल्यमापनाला उत्तर विरुद्ध दक्षिण असे स्वरूप आले. दिग्दर्शकाला त्यापासून दूर राहण्याचे आवाहन करावे लागले. मूळ कथेत फेरफार केल्याचा आक्षेप आपल्या परंपरेला धरून नाही, एवढेच येथे नोंदवावे. महाभारतात फेरफार करणे हेच महाभारताच्या जिवंतपणाचे लक्षण राहिले आहे. मोरोपंतांपासून तमाशाच्या वगापर्यंत कोणीही व्यासांची परवानगी मागितलेली नाही. फेरफार झाला का, याऐवजी फेरफारातून काय साधले, हे विचारायला हवे.

डिस्टोपिया या संज्ञेला मराठीत अद्याप सर्वमान्य पर्याय रूढ झालेला नाही. 'दुःस्वप्नलोक' हा शब्द अर्थाच्या जवळ जातो. परंतु स्वप्नावर माणसाचा ताबा नसतो, आणि या साहित्यप्रकारात तर ताब्याचाच मुद्दा मध्यवर्ती असतो. हक्स्लेची १९३२ ची किंवा ऑर्वेलची १९४९ ची कादंबरी वाचताना अस्वस्थता येते ती पुढे काय होईल या भीतीने तितकीशी येत नाही. हे सारे कोणीतरी केले, कोणीतरी होऊ दिले, आणि ते टाळता आले असते, या जाणिवेने येते. विनाश टळण्याजोगा असेल तरच त्याचे चित्रण आरोपपत्र ठरते. भूकंपाच्या चित्रपटात आरोपी नसतो; डिस्टोपियात तो असावाच लागतो, आणि उत्तम डिस्टोपियात आरोपींच्या पिंजऱ्यात वाचकालाही उभे केले जाते.

या कसोटीवर 'कल्की' हा चित्रपट त्याच्या शीर्षकापासूनच तपासता येतो. परंपरागत गणनेप्रमाणे कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये झाला. त्यात २८९७ वर्षे मिळवली की ५९९९ होतात, म्हणजे इ. स. २८९८ मध्ये कलियुगाचे सहा हजारावे वर्ष चालू असेल. कुरुक्षेत्र आणि चित्रपटाचा वर्तमानकाळ यांत सहा हजार वर्षांचे अंतर आहे, असे चित्रपट सांगतो ते यामुळेच. शीर्षकातील आकडा उगाच भविष्यातला वाटावा म्हणून उचललेला नाही. त्यामागे पंचांग आहे. घरात पंचांग असलेल्या मराठी वाचकाला संवत्सरफलाच्या पानावर गतकलीची वर्षे छापलेली आठवतील. हा हिशेब अनेक परीक्षणांनी कौतुकाने सांगितला. मात्र हिशेबाची पुढची ओळ कोणी मांडली नाही. पुराणांच्या मते कलियुग चार लक्ष बत्तीस हजार वर्षांचे आहे आणि कल्की येतो तो त्याच्या अखेरीस. सहा हजार वर्षे म्हणजे एकूण युगाचा शेकडा दीड भागही नव्हे. पंचांग काटेकोरपणे मानले तर २८९८ मध्ये कल्कीला यायला चार लक्ष सव्वीस हजार वर्षांचा अवकाश आहे.

ही चूक काढण्याची हौस नव्हे. पुराणाशी चित्रपट जुळत नाही ही तक्रार वर नाकारली आहेच. उलट येथे दिग्दर्शकाच्या हाती एक विलक्षण कल्पना आली होती. युगाचा अंत चार लक्ष वर्षे आधी येऊन ठेपला असेल तर ती वर्षे कोठे गेली? ती माणसांनी खर्च केली, हे त्याचे एकच भयंकर उत्तर संभवते. पाणी, माती, वने यांच्याबरोबर काळही उपसून संपवला. ज्या ऱ्हासासाठी नियतीने लाखो वर्षांची मुदत दिली होती, तो माणसाने सहा हजारांत उरकला. मिथक आणि विज्ञानकथा यांचा खरा सांधा येथे जुळला असता. युगचक्राच्या संकल्पनेत माणसाची जबाबदारी नसते, ती येथे प्रथमच शिरली असती. पण चित्रपट या दिशेने पाहतच नाही. त्याच्या लेखी २८९८ हे नियोजित वर्ष आहे: अंधार दाटायचा होता म्हणून दाटला, अवतार यायचा आहे म्हणून येईल. यास्किन हा जराजर्जर सत्ताधीश कोण, त्याचे 'कॉम्प्लेक्स' हे आकाशात टांगलेले उलट्या पिरॅमिडसारखे नगर कसे उभे राहिले, खालच्या माणसांनी ते उभे राहू का दिले, यांविषयी पहिल्या भागात फारसे काही सांगितले जात नाही. सांगण्याची गरजही भासत नाही, कारण कलियुग आहे एवढे उत्तर पुरते.

कलियुगाची ही कल्पना तरी आपल्या परंपरेत इतकी एकेरी आहे काय? वारकरी संप्रदायाने कलियुगाकडे मोठ्या सवलतीचा काळ म्हणून पाहिले: जे इतर युगांत यज्ञ-तपाने साधायचे ते येथे नामाने साधते. या दृष्टीत काळ वाईट असला तरी माणसाच्या हाती काहीतरी उरते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) या ग्रंथाला हे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनातला युगाचा अंत हा समाजरचनेचा, मूल्यांचा आणि माणसांच्या निवडींचा होता. आणि मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकरांनी पुराणातील नावे वापरली ती नेमकी उलट कामासाठी. 'वामन परत न आला' या कादंबरीत एका लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानातून बुद्धिमान यंत्र घडते. त्याला वामन म्हटले आहे ते त्याची वाढ कोठवर जाईल याचा धाक वाटावा म्हणून. तेथे पाऊल पुढे टाकायचे की मागे घ्यायचे, हे ठरवणारी माणसेच असतात. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या कथांतील विज्ञानाच्या अचूकतेविषयी पुष्कळ लिहिले गेले. मिथकाला नियतीपासून सोडवून इशाऱ्याच्या कामाला लावण्याची त्यांची ही हातोटी मात्र अधिक अभ्यासण्याजोगी आहे. 'कल्की'चे दृश्यवैभव त्यांच्या गद्याच्या शतपट असेल. विचाराचा हिशेब मांडला तर पारडे फिरते.

आता मनीमाजऱ्याकडे परत येऊ. चित्रपटातील काशी हे पृथ्वीवरचे शेवटचे नगर आहे. गंगा आटली आहे, हवा गढूळ आहे, लोक भंगारातून घरे, वाहने, शस्त्रे जोडतात आणि 'युनिट' नावाच्या चलनासाठी एकमेकांचे गळे धरतात. वर कॉम्प्लेक्समध्ये मात्र पाणी, हिरवळ, फळे. वरचे नगर आणि खालचे नगर ही रचना 'मेट्रोपोलिस'पासून चालत आलेली आहे, आणि तिच्या उसनेपणावर बोट ठेवणाऱ्या परीक्षकांचे म्हणणे खोटे नाही. परंतु उसने घेतलेल्या रचनेतही स्थानिक माती भरता येते. अडचण अशी, की या काशीत काशी फार थोडी आहे. भंगार सुंदर आहे. कलादिग्दर्शनाचे कष्ट पदोपदी जाणवतात. मात्र त्या भंगाराला पूर्वीचा मालक नाही. कोणत्या घराचा हा दरवाजा, कोणत्या घाटाची ही पायरी, कोणाच्या हातातले हे भांडे, हे विचारावेसे वाटावे अशी एकही वस्तू लक्षात राहत नाही.

मनीमाजऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुखना तलावाजवळ नेकचंद यांची रॉक गार्डन आहे. फाळणीत पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेला हा सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता निरीक्षक १९५७ च्या सुमारास राखीव जंगलात गुपचूप काम करू लागला. नवे नगर उभारण्यासाठी जी गावे उठवली गेली, त्यांचे भंगार त्याने सायकलवरून वाहून आणले: फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेची जुनी बटणे, दांड्या, सायकलींचे सांगाडे. त्यांतून त्याने माणसे, पशू आणि एक दरबार उभा केला. प्रशासनाला याचा पत्ता लागला तेव्हा हे बेकायदेशीर बांधकाम पाडण्याचीच शक्यता अधिक होती. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. २०२५ मध्ये मात्र उच्च न्यायालयाकडील रस्ता आणि वाहनतळाच्या कामासाठी त्याच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला. आधुनिक भारतातील सर्वांत नियोजित नगराच्या पोटात, त्या नगराने पुसलेल्या गावांच्या अवशेषांतून उभे राहिलेले हे काम पाहताना मन काळवंडते आणि त्याच वेळी हसूही येते. बांगडीचा तुकडा पुतळ्याच्या अंगरख्यात बसवलेला असतो, पण ती बांगडी कोणीतरी घातलेली होती हे विसरता येत नाही.

एका कलाकाराच्या आयुष्यभराच्या कामाशी शेकडो कोटींच्या व्यावसायिक चित्रपटाची तुलना करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. ते मान्य करूनही फरक उरतो. नेकचंदांच्या भंगारात स्मृती आहे, कारण विनाश कोणी केला आणि कोणाचा झाला, हे तेथे ठाऊक आहे. 'कल्की'च्या भंगारात ती नाही, कारण चित्रपटाने विनाशाचा कर्ता काळ मानला. कर्ताच अमूर्त असेल तर त्याने मोडलेल्या वस्तूही अमूर्त होतात. त्यांना केवळ आकार आणि पोत उरतो. दृश्यांच्या भव्यतेने भारावलेल्या प्रेक्षकाला तीच दृश्ये दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथे आहे.

या साऱ्याला अपवाद ठरणारे एक सूत्र चित्रपटात आहे. कॉम्प्लेक्समध्ये 'प्रोजेक्ट के' नावाचा प्रयोग चालू आहे. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या तरुणींना खालून पकडून आणायचे, त्यांच्यात गर्भ वाढवायचा आणि त्या गर्भातील सत्त्व काढून यास्किनला जगवायचे. या स्त्रियांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. दीपिका पदुकोण यांनी साकारलेली नायिका 'सम-८०' आहे. पलायनानंतर तिला सुमती हे नाव मिळते. येथे काळ हा कर्ता नाही. येथे यंत्रणा आहे, तिचे अधिकारी आहेत, तिची भाषा आहे, आणि त्या भाषेत स्त्री म्हणजे पात्र, गर्भ म्हणजे कच्चा माल. डिस्टोपियाचे आरोपपत्र चित्रपटात कोठे असेल तर ते येथे आहे, आणि ते वाचायला कोणत्याही पंचांगाची गरज पडत नाही.

मराठी समीक्षकाने तर हे दृश्य भविष्यातले मानूच नये. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे उघडकीला आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी माहिती आली तिच्यानुसार पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया झालेली होती. यामागे एकच कारण नव्हते. पालावर पाण्याची आणि स्वच्छतेची सोय नसल्याने होणारे आजार, कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर, आणि पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर मुकादमाकडून कापला जाणारा खाडा, असे सारे त्यात मिसळलेले होते. या व्यवस्थेत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. माणसाला हत्याराचे नाव देणारी ही भाषा आणि स्त्रीला क्रमांक देणारी कॉम्प्लेक्सची भाषा यांत फार अंतर नाही. एका ठिकाणी गर्भासाठी स्त्री हवी आहे, दुसऱ्या ठिकाणी श्रमाच्या आड येऊ नये म्हणून गर्भाशय नको आहे. दोन्हीकडे शरीर दुसऱ्याच्या हिशेबात जमा आहे. चित्रपटाच्या लेखकांच्या मनात बीड नसणार हे उघड आहे. पण कलाकृतीचा अर्थ लेखकाच्या मनात मावत नाही, आणि एखादी अतिरंजित कल्पना वास्तवाला कोठे जाऊन भिडते हे दाखवणे समीक्षेचे कामच आहे. चित्रपटाविषयी जेवढे मराठी लेखन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले, त्यात या बाजूने फारसा विचार झालेला दिसला नाही. बुज्जीच्या चाकांविषयी मात्र बरेच लिहिले गेले होते.

तरीही हे सूत्र चित्रपट तडीस नेत नाही. सुमती आगीतून चालत बाहेर येते ते दृश्य गाजले, आणि दृश्य म्हणून ते गाजावे असेच आहे. परंतु त्या क्षणी प्रयोगशाळेतील एक स्त्री देवमाता होते आणि बाकीच्या क्रमांकांचा प्रश्न मागे पडतो. अग्नी तिला जाळत नाही, कारण तिच्या पोटी अवतार आहे. ज्यांच्या पोटी अवतार नव्हता त्यांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. सीतेच्या अग्निदिव्यापाशी आपले लोकगीत थांबून सीतेची बाजू घेते, हे जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्याला सांगायला नको. येथे कॅमेरा थांबतो तो तेजाची बाजू घेऊन.

उरला अश्वत्थामा, आणि चित्रपटाविषयीचा कोणताही विचार शेवटी त्याच्यापाशीच येतो. बच्चन यांनी वयाच्या ८१ व्या वर्षी ही भूमिका केली. त्यांच्या देहाची उंची, आवाजाचा खर्ज आणि चालीतला थकवा यांनी सहा हजार वर्षांचे वय पटते, यात वाद नाही. निवडही विचारपूर्वक आहे. सौप्तिक पर्वात झोपलेल्या शिबिरावर रात्री घाला घालणारा आणि नंतर अस्त्राचा रोख पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवणारा हा पुरुष. महाभारतातल्या साऱ्या अपराध्यांत भ्रूणहत्येचा अपराधी हाच. त्याच्यावर गर्भाच्या रक्षणाची जबाबदारी टाकणे ही या चित्रपटाची खरी सर्जक सूझ आहे. ज्या फेरफाराबद्दल मुकेश खन्नांनी तक्रार केली तोच प्रस्तुत लेखकाला सर्वांत मोलाचा वाटतो. पिठाचे पाणी दूध म्हणून प्यालेल्या गरीब बालकाचा शेवट अशा शापात व्हावा, यात व्यासांनी जी करुणा ठेवली तिला येथे पुढची वाट मिळण्याची शक्यता होती.

पण मराठी माणसाच्या मनातला अश्वत्थामा वेगळा आहे. तो लढत नाही, मागतो. कपाळावरचा मणी काढून घेतलेली भळभळती जखम घेऊन तो दारोदार तेल मागत फिरतो. नर्मदा परिक्रमा करणारे शूलपाणीच्या झाडीत तो भेटल्याचे सांगतात; बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर पहाटे महादेवाला फूल वाहून जाणारा तोच, अशी श्रद्धा आहे. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी तालुक्यातील अस्तंभ्याच्या शिखरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते आणि सातपुड्यातले आदिवासी, खानदेशातले शेतकरी रात्रीतून तो कडा चढतात. निर्मात्यांना ही लोकश्रद्धा ठाऊक होती. एप्रिल २०२४ मध्ये अश्वत्थाम्याचे पहिले दर्शन त्यांनी घडवले ते नर्मदाकाठच्या नेमावर येथे. मग चित्रपटात त्या श्रद्धेतले काय टिकले? एकाकीपण टिकले, वय टिकले. तेल मागणे टिकले नाही. शाप घेतलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते, आपली जखम दाखवावी लागते आणि देणाऱ्याला ती पाहावी लागते, हा त्या लोककथेचा गाभा आहे. व्यासांच्या अश्वत्थाम्याची शिक्षा तीन हजार वर्षांची होती. लोकमानसाने ती कायमची केली, आणि त्याच लोकांनी त्याला तेलही घातले. अपराध क्षमा झाला नाही, आणि माणूसही दारातून हाकलला गेला नाही. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळण्याची किमया लोकश्रद्धेने केली आहे.

चित्रपटातला अश्वत्थामा कोणाकडे काही मागत नाही. त्याला एक कामगिरी आहे, तिची वेळ ठरलेली आहे, आणि वेळ येताच मणी उजळतो. पश्चात्तापाला नेमणूक मिळाली की पश्चात्ताप करण्याची गरज उरत नाही. सुमतीला तो माता म्हणून वंदन करतो. परंतु उत्तरेच्या गर्भाची आठवण सुमतीसमोर उच्चारली जावी आणि तिने ती ऐकून या रक्षकाकडे एकदा तरी भीतीने पाहावे, असा प्रसंग घडत नाही. तो घडला असता तर बाकीच्या दोन-चार मारामाऱ्या वगळूनही चित्रपटाचे काही बिघडले नसते. नाटकात हे झालेले आहे: धर्मवीर भारती यांच्या 'अंधा युग'मध्ये अश्वत्थाम्याच्या तोंडूनच अश्वत्थाम्याचा भयाणपणा ऐकावा लागतो, आणि प्रेक्षक त्याच्यापासून स्वतःला वेगळा करू शकत नाही. फाळणीनंतरच्या दशकात लिहिलेल्या त्या नाटकात युगाचा अंधार कोणी आणला हे पात्रांना ठाऊक आहे.

चित्रपटाच्या अखेरीस गर्भातील सत्त्वाच्या एका थेंबाने यास्किनच्या देहात तारुण्य परतते आणि तो गांडीव उचलतो. भैरवाच्या रूपाने कर्ण परतला आहे हेही आपल्याला कळलेले असते. म्हणजे दुसऱ्या भागाची मांडणी पुन्हा कुरुक्षेत्राचीच आहे. तो दुसरा भाग दीपिका पदुकोण यांच्यावाचून होणार असल्याचे निर्मितीसंस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. कारणांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. कथेच्या दृष्टीने मात्र एक प्रश्न उभा राहतो. ज्या स्त्रीचे नाव तिच्या क्रमांकातून काढले गेले, तिचा चेहरा आता बदलावा लागेल, किंवा तिला कथेतूनच काढावे लागेल. प्रयोगशाळेच्या हिशेबात 'सम-८०'च्या जागी 'सम-८१' आणणे अवघड नव्हते. सुमतीच्या जागी कोणाला आणायचे आणि तिच्यासाठी अश्वत्थाम्याने काय बोलायचे, हे पटकथाकारांना ठरवायचे आहे.